पुदिना, मरवा आणि भागामाय

भागामाय माझी कोणी नव्हती. अमरावतीत मी ज्या खोलीत भाड्याने राहत होतो, तिच्या मागच्या दाराशी काटेरी कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे भागामायची वाडी होती, एवढाच आमचा संबंध. चार वर्षं मी तिथल्या मराठी शाळेत मास्तर होतो. त्या चार वर्षांत कोणत्या मुलाला काय शिकवलं ते आता फारसं आठवत नाही. पण पुदिना कोणत्या वेळी खुडायचा, ओव्याचं पान तेलात किती वेळ ठेवायचं आणि सरबतात लिंबू कधी पिळायचं नाही, हे मला अजून पाठ आहे. ते त्या बाईनं शिकवलं.

मी साताऱ्याकडचा. वऱ्हाडात गेलो तेव्हा तिकडे कापसाचे दिवस होते. अमेरिकेत लढाई चालली होती, तिथला कापूस निघेना, म्हणून विलायतेला वऱ्हाडाची आठवण झाली होती. दिवस उजाडायच्या आत गाड्यांची रांग लागे ती दिवेलागणीपर्यंत सरत नसे. हवेत कापूस, अंगणात कापूस, लोकांच्या मिशांत कापूस. माझ्या पाण्याच्या तांब्यावर मी फडकं बांधून ठेवत असे, तरी घोटाबरोबर एखादा तंतू जिभेवर येई.

पहिल्याच चैत्रात मला ऊन बाधलं. शाळेतून दुपारी आलो आणि मागचं दार उघडं टाकून तसाच फरशीवर आडवा झालो. डोकं फुटतंय असं वाटत होतं. तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला.

“अवो मास्तर. दार काहून उघडं टाकलं? झळ येते नं आत.”

मी मान वर केली. काट्यांच्या वर एक काळासावळा, लांबट चेहरा दिसत होता. पन्नाशीची बाई, उंच, हाडकुळी. एका कानाची पाळी फाटलेली.

“ऊन लागलं तुमाले,” ती म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं. “घरात कैरी हाय का?”

“आहे.”

“चुलीच्या आरात भाजा. मी पुदिना देते.”

कुंपणाच्या फटीतून पळसाच्या पानात गुंडाळलेला पुदिना आत आला. मी उठून बसलो, पण हात पुढे होईना. मी ब्राह्मणाचा, ती माळीण. घरून निघताना आईने बजावून पाठवलं होतं की परमुलखात कुणाच्या हातचं काही घेऊ नकोस. माझं घुटमळणं तिने पाहिलं, पण तिला राग आला नाही.

“पान झाडाचं हाय,” ती म्हणाली. “झाडाले कोनती जात? कैरी तुमची, पानी तुमचं, गूळ तुमचा, हात बी तुमचेच. माहं फकत बोलनं. त्यानं बाटत असान तं कान झाका.”

मी पुदिना घेतला. मग ती कुंपणाबाहेर उभी राहून सांगत गेली आणि मी आत करत गेलो. कैरी भाजली, गर काढला, गूळ, मीठ आणि भाजलेलं जिरं घातलं. पुदिना चिरायला मी विळी ओढली तर ती ओरडलीच.

“कापू नोका. लोखंड लागलं का पान रुसते. तळहातावर ठेवा अन् एक टाळी वाजवा.”

मी टाळी वाजवली. सगळ्या खोलीत पुदिना पसरला. त्या दिवशी तीन भांडी पन्हं प्यालो आणि संध्याकाळी उठून बसलो. पुढे मला कळलं की पहाटे वाडीतून मधूनमधून येणारी ती एकेक टाळी म्हणजे भागामायचा दिवस सुरू झाल्याची खूण. खुडलेल्या प्रत्येक जुडीतलं एक पान ती टाळीने चुरडून हुंगायची आणि मनासारखा वास आला नाही तर ती जुडी विकायची नाही.

तिच्या वाडीत वांगी, मिरच्या, झेंडूही होते. पण तो सगळा पोटाचा धंदा. तिचा जीव पानांत होता. विहिरीजवळच्या ओलाव्यात पुदिना, त्याच्यापुढे ओवा, सब्जा, मरवा, आणि पाटाच्या कडेला सुगंधी गवत, ज्याला आपण आता गवती चहा म्हणतो. चहा तेव्हा साहेबांच्या बंगल्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. कोथिंबिरीचा वाफा सगळ्यांत मोठा. कोथिंबिरीला वऱ्हाडात सांबार म्हणतात. पहिले काही दिवस ती मला “सांबार घ्या” म्हणायची आणि मी “नको, वरण केलंय” असं उत्तर द्यायचो.

या झाडांना तिने नाती लावली होती. पुदिना म्हणजे जावई. “एक डाव घरात घेतला का पसरतच जाते, अन् नाई म्हनाची सोय नसते.” सुगंधी गवत म्हणजे सासू, कारण हात लावला की कापतं. सब्जा म्हणजे नणंद, कारण पाणी दिसलं की बी फुगतं. मरवा तेवढा सून. त्याला फार ऊन चालत नाही, फार पाणी चालत नाही, आणि कुणी कौतुकाने जवळ गेलं की वास देतो. ही नावं ती थट्टेने घेत नसे. सकाळी वाडीत फिरताना “सासूले आज पानी कमी झालं” असं नवऱ्याला सांगायची, आणि तोही त्या वाफ्याकडे पाणी वळवायचा.

नवरा नथ्थूजी. त्याची मोट आणि त्याचे दोन बैल. तो बैलांशी दिवसभर बोले आणि माणसांशी मानेने. मी त्याला दोन वर्षांत पाच-सहा शब्दांपलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं. भागामायचा त्याबद्दल काही तक्रारीचा सूर नव्हता. “घरात एकानं बोललं तरी पुरते,” असं ती म्हणायची.

हंगामात, म्हणजे कार्तिकापासून पुढे, ती कापसाच्या बाजाराला लागून असलेल्या एका कडुलिंबाखाली दुकान मांडायची. नथ्थूजी कावडीने मडकी आणून ठेवी. सकाळी थंडी असे तेव्हा आलं, गूळ आणि सुगंधी गवताचा ऊन ऊन काढा. दुपारी ताक, त्यात सांबार, आलं आणि हिरवी मिरची वाटून. शिवाय एका कढईत ओव्याच्या पानांची भजी आणि सांबारवडी. सांबार, तीळ, खसखस आणि सुकं खोबरं यांचं सारण बेसनाच्या पातळ पोळीत गुंडाळून तळलेली ती वडी मी बराच काळ नुसती पाहत होतो.

गिऱ्हाइकाने काय हवं ते मागायचं, असा तिच्याकडे रिवाज नव्हता. ती आधी विचारायची, “काय खाल्लं सकाळी?” गाडीवान सांगे, भाकर अन् ठेचा. मग त्याला ताक मिळे. दुसरा सांगे, काहीच नाही. मग त्याला आधी वडी आणि नंतर काढा. एक तालेवार व्यापारी एकदा पालखीतून उतरून आला आणि म्हणाला, “मले काढा दे.” तिने विचारलं, “काय खाल्लं?” तो म्हणाला, “तुले काय करायचं?” ती म्हणाली, “मले काई नाई करायचं. तुमच्या पोटाले करायचं हाय.” त्याने मुकाट्याने सांगितलं. पुरणपोळी. त्याला तिने ओव्याचं पान मिठाबरोबर चावायला दिलं आणि काढा दिलाच नाही.

बाजाराच्या त्या टोकाला एका कलालाचं मोहाच्या दारूचं दुकान होतं. कापूस विकून झालेले गाडीवान तिकडे जात आणि तिथून कटोरा घेऊन भज्यांसाठी भागामायकडे येत. तिच्या भज्यांमुळे दारू जास्त खपते असं कलालच म्हणायचा. तिला ते आवडत नव्हतं, पण आलेल्याला परत पाठवणंही तिच्या स्वभावात नव्हतं. मग तिने एक युक्ती काढली. अशा माणसाला ती त्याच्या बैलांची नावं विचारायची. नीट सांगितली तर भजी मिळत, नाहीतर तांब्याभर ताक.

एकदा दर्यापूरकडचा एक धिप्पाड गाडीवान डुलत आला. मी तेव्हा शाळेतून परतताना तिथे उभा होतो.

“बैलाचं नाव सांग,” ती म्हणाली.

त्याने बराच विचार केला. “गोदावरी.”

“गोदावरी कोन?”

“बायको.”

“मंग भजे तिच्याच हातचे खाय. बस अथी.”

तिने त्याला लिंबाच्या बुंध्याशी बसवलं आणि पुदिना घातलेलं ताक पाजलं. त्याच्या बैलांना नथ्थूजीने पाणी दाखवलं. ऊन उतरलं तेव्हा तो उठला, आला आणि खाली मान घालून म्हणाला, “सरजा अन् पाखऱ्या.” तिने त्याला पानभर भजी बांधून दिली. “हे गोदावरीसाठी,” म्हणाली.

कलाल भांडायला आला. त्याचं म्हणणं, रोजची सगळी भजी मीच उचलतो, माझ्याच दुकानात विकतो, तुला कटकट नको. ती म्हणाली, “तुह्या दुकानात माहे भजे कोन खाईन ते मले दिसत नाई. मी तोंड पाहून भजे देते.”

माझ्या दुसऱ्या वैशाखातली गोष्ट. विलायतेच्या एका कापूस कंपनीचा एजंट साहेब अमरावतीत राहत होता. त्याला मराठी शिकवायला मी आठवड्यातून दोनदा जात असे. त्याने नवा बंगला बांधला आणि एका संध्याकाळी आसपासच्या साहेब लोकांना बोलावलं. त्यासाठी सोड्याच्या बाटल्यांच्या पेट्या मागवल्या होत्या. आगगाडी तेव्हा खानदेशापर्यंतच आली होती. तिथून पुढे पेट्या बैलगाडीने निघाल्या आणि वैशाखाच्या उन्हात वाटेतच बाटल्या फुटायला लागल्या. पहिले तीन आवाज झाल्यावर गाडीवानाला वाटलं आपल्यावर कुणी गोळ्या झाडतंय. तो गाडी सोडून रानात पळाला. बंगल्यावर पेट्या पोचल्या त्या काचांच्या.

साहेबाचा म्हातारा खानसामा माझ्या दारात येऊन बसला. “मास्टरजी, मेरी इज्जत का सवाल है,” म्हणाला. मी त्याला कुंपणापाशी नेलं.

भागामायने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “किती लोक?”

“चालीस.”

“काय खाऊन येनार?”

खानसाम्याला हा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, रिकाम्या पोटी येणार असतील, जेवण नंतर आहे. “अन् बसनार कुठी?” तिने विचारलं. खानसामा म्हणाला, बसणार नाहीत, उभ्या-उभ्याच खाणार.

“उभ्यानं? एवढा बंगला बांदला अन् बसाले जागा नाई ठेवली?”

तरी तिने ते ध्यानात घेतलं. सांबारवडी एका घासाची, म्हणजे उभ्या माणसाला एका हातात धरता येईल एवढी करायची ठरली. नवी कोरी मडकी बंगल्याच्या मागे ओल्या वाळूत गळ्यापर्यंत पुरली. एका मडक्यात लिंबू, साखर, पुदिना आणि भिजवलेला सब्जा. दुसऱ्यात लाल अंबाडीच्या वाळवलेल्या बोंडांचं सरबत, त्याला वाळ्याचा वास. बंगल्याच्या बागेतला पुदिना माळ्याने सकाळीच कापून ठेवला होता. तो तिने हुंगला आणि बाजूला सारला. पुन्हा वाडीत जाऊन, ऊन कलल्यावर, ताजा आणला.

ती संध्याकाळ मी मागच्या ओसरीवरून पाहिली. दुभाष्या म्हणून मला बोलावलं होतं. सरबत आत गेलं, पहिली फेरी झाली, दुसरी झाली. मग भागामायच्या नजरेला पडलं की साहेब लोक पेल्यात बाटलीतून आणखी काही ओतताहेत.

“माह्या सरबतात काय टाकून राहिले ते?”

“त्यांची दारू,” मी म्हटलं.

आता ही चिडणार असं मला वाटलं. पण ती खानसाम्याला म्हणाली, “ती शिशी दाखव.” त्याने आणली. तिने बूच काढून वास घेतला, नाक मुरडलं, पुन्हा घेतला.

“असं हाय तं मंग लिंबू कमी पाहिजे. अन् सब्जा नोको. मरवा पाहिजे.”

तिने वेगळं मडकं केलं. मरव्याची डहाळी टाळीत चुरडून घातली, लिंबू निम्मं केलं, मिठाची चिमूट टाकली. स्वतः थेंब चाखला नाही, नुसत्या वासावर केलं. ते मडकं घटकाभरात रिकामं होऊन परत आलं आणि खानसामा हात जोडून आणखी मागायला लागला. एक लालबुंद साहेब ओसरीच्या खांबाला धरून उभा होता. भागामायने मला हळूच विचारलं, “याले बैलाचं नाव विचारू का?”

“त्याच्याकडे घोडा आहे,” मी म्हटलं.

“मंग घोड्याचं विचारा तुमी.”

एवढ्यात एजंटाची मडम मागे आली. तरुण बाई होती, विलायतेहून येऊन वर्षही झालं नसेल. सरबतात काय आहे ते तिला पाहायचं होतं. मी दाखवत होतो. पाटीतली मरव्याची डहाळी तिने उचलली, बोटांत चुरडली, नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. मग इंग्रजीत म्हणाली की हे आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी होतं, आई मांस शिजवताना घालायची. तिचे डोळे भरून आले आणि तिला ते लपवता येईना.

मी भागामायला सांगायला तोंड उघडलं. तिने हातानेच मला थांबवलं.

“माहेराचं झाड असान,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मरव्याचं एक रोप मुळांच्या मातीसकट बंगल्यावर पाठवलं. मी म्हटलं, “तुमची सून दिलीत की.” ती म्हणाली, “सूनच हाय ते. दुसऱ्याच्या घरी नांदाची सवय असते तिले.” त्या मडमेने ते रोप वाढवलं. मी शिकवायला जात असे तेव्हा ओसरीच्या सावलीत ते दिसायचं, आणि प्रत्येक खेपेला मला त्याचं मराठी नाव पुन्हा म्हणून दाखवावं लागायचं.

त्या मेजवानीच्या संध्याकाळचं आणखी एक सांगायचं राहिलं. परतताना आम्ही तिघं चालत आलो, ती, नथ्थूजी आणि मी. घशाला कोरड पडली होती. माझ्या दाराशी पोचल्यावर तिने कावडीतलं उरलेलं एक मडकं खाली ठेवलं. मी म्हटलं, “मला द्या त्यातलं.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. “पानी माह्या विहिरीचं हाय, मास्तर. अन् हात बी माहेच लागले.”

“माहीत आहे.”

तिने ओतलं, मी प्यालो. सकाळी कुंपणावरून विचारणा झाली. “पोट ठीक हाय नं?”

“ठीक आहे.”

“मंग झालं.”

त्यानंतर सांबारवडी मी नुसती पाहत राहिलो नाही.

वाडीच्या पलीकडची जमीन एका शेठने घेतली होती. कापसाचे गठ्ठे दाबायचा वाफेचा कारखाना त्याला तिथे उभारायचा होता. वाफेला पाणी लागतं, आणि जवळपास बारमाही पाणी फक्त भागामायच्या विहिरीला. शेठ स्वतः येऊन बसला. दर चांगला सांगितला. ती म्हणाली, “वाडी इकली तं मी सकाळी उठून जाऊ कुठी?” शेठला वाटलं ती भाव वाढवतेय. पण तिने तो प्रश्न खरोखरच विचारला होता.

मग अकोल्याहून जावई आला. एकुलत्या एका लेकीचा, चंद्राचा नवरा. मुलगा वाईट नव्हता, पण त्या काळात सगळ्यांच्याच अंगात कापूस शिरला होता. वाडी विका, त्यात कापूस घेऊन ठेवू, वर्षात दुप्पट होईल, असं तो दोन दिवस सांगत होता. तिने ऐकून घेतलं आणि त्याला आवडतं म्हणून वड्या तळल्या. दुसऱ्या दिवशी तो वाडीत उभा असताना एक गिऱ्हाईक कुंपणाशी येऊन म्हणालं, “भागामाय, जावयाची एक जुडी दे.” हे काय ते जावयाला समजावून सांगणं माझ्या वाट्याला आलं. तो रुसून त्याच दुपारी निघाला. भागामाय हसली, पण संध्याकाळी मला म्हणाली, “चंद्राले ऐकून घ्या लागन माह्यापायी.” तो एकच दिवस असा की तिने पानं न हुंगता विकली.

शेठने शेवटी स्वतःची विहीर खणली. खोल खणली, आणि तिच्यावर वाफेचा पंप बसवला. पुढच्या उन्हाळ्यात भागामायच्या विहिरीचं पाणी खाली खाली जायला लागलं. मोट अर्धी यायची, मग चिखल यायला लागला. आधी तिने वांगी सोडली, मग मिरच्या, मग झेंडू. पानं मात्र घागरीने जगवली. मला म्हणाली, “मास्तर, अंगोयीचं पानी फेकू नोका.” मी कुंपणाला लागून एक दगड मांडला आणि तिथे आंघोळ करायला लागलो. माझ्या अंगावरचं पाणी फटीतून पुदिन्याला जायचं. त्या उन्हाळ्यात मी कधी नव्हे इतक्या आंघोळी केल्या.

तिने कुणाला शिव्या दिल्या नाहीत. शेठला भेटली तेव्हा एवढंच म्हणाली, “तुमच्या विहिरीनं माही विहीर प्याली.” तो ओशाळला. पण पंप थांबला नाही.

एका सकाळी वाडीतून टाळी आली नाही. मी मागच्या दारात गेलो. सुगंधी गवताचा एक मोठा जुना गड्डा वाळून पांढरा पडला होता आणि ती त्याच्यावर हात ठेवून बसली होती. नथ्थूजी मोटेकडून आला. तिच्याशेजारी बसला. मग म्हणाला,

“भागे, अकोल्याले जाऊ.”

“अन् झाडं?”

“झाडं बी येतीन.”

ती त्याच्याकडे अशी पाहायला लागली की जणू नवीनच माणूस भेटला होता. मग उठली आणि पदर खोचून थेट शेठकडे गेली. जमिनीचा भाव त्याने जो आधी सांगितला होता त्यावर तिने घासाघीस केली नाही. वर एक अट घातली. दोन बैलगाड्या, तीन दिवसांची सवड, आणि वाडीतली हवी तेवढी माती. पावसाच्या आत कापूस हलवायची सगळ्यांची धांदल होती, गाडी कुणाला मिळत नव्हती. शेठ आधी हसला, मग हो म्हणाला; गठ्ठे ठेवायला जागा त्यालाही हवी होती. माणूस वाईट नव्हता, त्याला तेव्हा पाण्याची घाई झाली होती.

ते तीन दिवस मीही शाळा सुटली की वाडीत जात होतो. प्रत्येक गड्डा मातीसकट खणायचा, ओल्या गोणपाटात बांधायचा, सावलीत ठेवायचा. कोणता गड्डा कुणाच्या शेजारी ठेवायचा यावर तिची मतं होती. ओवा आणि सब्जा लांब लांब. मरव्याला गाडीच्या मधोमध, हादरा कमी बसेल अशी जागा. एक पुदिन्याचं मडकं माझ्या दाराशी आणून ठेवलं. “याले रोज पानी द्या. अन् आंगण जपा. पसरन.”

चौथ्या दिवशी पहाटे गाड्या निघाल्या. बाजारापर्यंत मी बरोबर चालत गेलो. समोरून कापसाच्या गाड्या येत होत्या, आणि त्यांच्या मधून या दोन हिरव्या गाड्या उलट्या दिशेला चालल्या होत्या. एका गाडीवानाने थांबून विचारलं, “माय, गाडीत काय हाय?”

“गनगोत,” ती म्हणाली. “सासू, ननंद, जावई, समदे.”

तो खुळ्यासारखा पाहत राहिला. मला उगाच भरून आलं होतं. मी म्हटलं, “भागामाय, वाडी विकायला नको होती.”

“मी कुठी इकली?” ती म्हणाली. “जमीन इकली. वाडी घेऊन चालली.”

मी आणखी एक वर्ष अमरावतीत होतो. त्या वर्षातच अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव पार कोसळला. गाड्या विरळ झाल्या. शेठच्या कारखान्याचं धुराडं आठवड्यातून एखादा दिवस धूर सोडी, मग तोही बंद झाला. शेठ गाव सोडून गेला. भागामायची बातमी मला त्या दर्यापूरच्या गाडीवानाकडून कळली. तो मला बाजारात ओळखून स्वतःहून बोलायला आला. जावई कापसात बुडाला होता. पण अकोल्यात नदीकाठी थोडी जमीन खंडाने घेऊन सासू-सासऱ्यांनी वाडी उभी केली होती, तिथे आता तो मोट हाकत होता. “सासूचं ऐकतो का?” मी विचारलं. तो म्हणाला, “ऐकते. अन् स्टेशनावर तिचे भजे बी नेऊन देते.” आगगाडी तोवर अकोल्याला पोचली होती.

माझी बदली खानदेशात झाली. नंतर तीन-चार वर्षांनी एका लग्नासाठी नागपूरला जाऊन परत येत होतो. दुपारी गाडी अकोल्याला थांबली. उलट्या दिशेची गाडी नुकतीच सुटून गेली असावी, कारण फलाटावर द्रोण पडले होते आणि तेलाचा, ओव्याचा वास अजून हवेत होता. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

लांब टोकाला, एका टोपलीला टेकून, पाय पसरून भागामाय बसली होती. केस बरेच पांढरे झाले होते. मडकी रिकामी होऊन पालथी पडली होती. तिच्या मांडीवर दीड-दोन वर्षांची एक पोर झोपली होती, चंद्राचीच असणार. पोरीच्या मुठीत कसलीशी हिरवी काडी होती आणि झोपेतही ती सुटली नव्हती. भागामाय एका हाताने पोरीवरच्या माश्या वारत होती आणि दुसऱ्या हाताने, मान मागे टाकून, तांब्यातून घोट घोट काहीतरी पीत होती. घाई कसलीच नव्हती.

मी हाक मारणार होतो. हाक मारली असती तर ती उठली असती, टोपली उचलून धावत आली असती, आणि पोर जागी झाली असती. मी गप्प बसलो. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, “कुणी ओळखीचं आहे का?” मी म्हटलं, “आमची शेजारीण.”

इंजिनाने वाफ सोडली. भागामायने वर पाहिलं नाही. तांब्या खाली ठेवला, पदर ओढून पोरीचं तोंड झाकलं, आणि मला फलाट दिसेनासा होईपर्यंत तसाच धरून ठेवला.